सडलेला पत्रा आणि खारी हवा : मोटारीच्या गंजाची वेल्डिंगविना दुरुस्ती

पेणजवळची रामवाडी मुंबई-गोवा महामार्गावर वसलेली असून राज्य परिवहन महामंडळाच्या रायगड विभागाचे कार्यालय आणि कार्यशाळा यांमुळे ती जिल्हाभर परिचित आहे. वाहनांच्या पत्र्याच्या दृष्टीने मात्र हा परिसर फार कठोर आहे, कारण पश्चिमेकडे धरमतरच्या खाडीपर्यंत खारपाट पसरलेला आहे, त्यात मिठागरे आहेत, पावसाळ्याच्या चार महिन्यांत येथे सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या टप्प्याचे २०११ पासून रेंगाळलेले रुंदीकरण चालू असताना उडालेल्या खडीने कितीतरी गाड्यांच्या रंगाला टवके पाडले आहेत. खारा वारा, चिखल आणि टवका ही तिन्ही एकत्र आली की दहा-बारा वर्षांच्या गाडीची मडगार्डे, दारांचे खालचे काठ आणि डिकीचा तळ या जागी पत्रा सडू लागतो. अशा पत्र्याची वेल्डिंग न करता घरच्या अंगणात कितपत दुरुस्ती करता येते, ती कशी करावी आणि कोणत्या जागी ती मुळीच करू नये, याचे विवेचन येथे केले आहे.

गंज म्हणजे लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू यांच्यात घडणारी विद्युत-रासायनिक क्रिया होय. पत्र्याच्या एकाच तुकड्यावर ओलाव्याखाली अतिसूक्ष्म विद्युतघट तयार होतो; त्याच्या एका टोकाशी लोखंड विरघळते, दुसऱ्या टोकाशी प्राणवायू पाण्याशी संयोग पावतो आणि दोहोंच्या मिलाफातून तांबूस, सच्छिद्र असा गंज साचत जातो. हा गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जास्त जागा व्यापतो, आणि रंगाला आतून फोड येतात ते त्यामुळेच. मिठामुळे या क्रियेला दुहेरी बळ मिळते. पाण्यात मीठ असले की वीज सहज वाहते, आणि मिठातील क्लोराइड पत्र्यावरील संरक्षक थराला भोके पाडून खोल खड्डे करते. त्याहून महत्त्वाची बाब अशी की मीठ हवेतला ओलावा स्वतःकडे ओढून घेते. साधे मीठ सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की पाझरू लागते, आणि समुद्राच्या मिठात मिसळलेले मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओले होते. म्हणजे ज्या कोपऱ्यात खारट चिखल एकदा अडकला तो कोपरा मार्च-एप्रिलच्या कोरड्या वाटणाऱ्या दिवसांतही ओलाच राहतो, आणि पावसाळा संपला म्हणून गंज थांबेल ही समजूत खारपाटाजवळ खरी ठरत नाही. या एका गोष्टीवर पुढील सगळ्या कामाचे यश अवलंबून असते : वरून लावलेली लांबी (म्हणजे बॉडी पुट्टी) आणि रंग कितीही चांगला असला, तरी खड्ड्यात मीठ शिल्लक असेल आणि पत्र्याची मागची बाजू उघडी असेल, तर पुढच्या पावसाळ्यात फोड त्याच जागी परत येतो.

कारखान्यात मोटारीचा सांगाडा तयार झाल्यावर तो धुऊन त्यावर फॉस्फेटचा बारीक थर चढवतात आणि नंतर तो अख्खा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने त्याच्या कानाकोपऱ्यात प्रायमर बसवतात. या थराला कारागीर ईडी कोट म्हणतात. त्यावर सरफेसर, रंग आणि पारदर्शक क्लिअर असे थर येतात. अनेक गाड्यांचा मूळ पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला असतो, आणि जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवते. एवढी तटबंदी असूनही बाहेरच्या पत्र्याची जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपासच असते, त्यामुळे एकदा तटबंदी फुटली की आरपार भोक पडायला फार काळ लागत नाही. घरी काम करताना ही मूळची आवरणे परत जशीच्या तशी देता येत नाहीत. त्यांची जागा शक्य तितकी भरून काढता येते, एवढेच.

कामाला हात घालण्यापूर्वी गाडीच्या पत्र्यांची दोन गटांत विभागणी करणे अत्यावश्यक आहे, आणि ही विभागणी न करता केलेली दुरुस्ती जिवावर बेतू शकते. आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चासी नसते. पत्र्याच्या पोकळ पेट्या एकमेकींना जोडून जो एकसंध सांगाडा बनतो, ज्याला मोनोकॉक म्हणतात, तोच इंजिनाचे, प्रवाशांचे आणि धक्क्यांचे वजन पेलतो. या सांगाड्यावर मडगार्ड, बोनेट, दारांचे बाहेरचे पत्रे आणि डिकीचे झाकण ही जी आवरणे बसवलेली असतात, त्यांची वेल्डिंगविना दुरुस्ती करण्यास हरकत नाही. याउलट दारांखालच्या लांब पोकळ पट्ट्या, ज्यांवर जॅक लावतात, दारांमधले खांब, सस्पेन्शनचे माथे, सीट आणि सीटबेल्ट ज्या जागी बोल्टने आवळलेले असतात तो तळाचा भाग, आणि पुढच्या-मागच्या बाजूंना इंजिन व चाके धरून ठेवणाऱ्या जाड पेट्या हे सांगाड्याचे भाग होत. यांपैकी कोठेही भोक आढळले, तर फायबर, एम-सील किंवा रिव्हेट यांपैकी काहीही वापरू नये. तेथे सडका भाग कापून त्याच जाडीचा पत्रा वेल्डिंगने बसवणे हाच एक मार्ग आहे, आणि ते काम माहीतगार कारागिराचे आहे. तळाला भोक पडले म्हणून त्यावर फायबर चढवून वर डांबरी लेप देण्याची रीत अनेक ठिकाणी दिसते. अशा जागी सीटबेल्टचा बोल्ट असला, तर अपघाताच्या क्षणी तो पत्र्यासकट उपटून येतो. हा धोका गाडी विकत घेणाऱ्या पुढच्या माणसाच्याही माथी मारला जातो.

तपासणीसाठी फार साधने लागत नाहीत. गाडी स्वच्छ धुऊन वाळवावी, बोथट स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पत्रा वाजवत जावे आणि जेथे आवाज बद्द होतो तेथे खडूने खूण करावी. चांगला पत्रा खणखणीत वाजतो. सडलेला किंवा पूर्वी लांबी भरलेला पत्रा दबका आवाज देतो. कागदात गुंडाळलेले छोटे लोहचुंबक फिरवल्यास जुनी लांबी कोठे आहे हे आणखी स्पष्ट होते, कारण जाड लांबीवर चुंबक धरत नाही. मडगार्डांच्या आतील प्लॅस्टिकची अस्तरे काढून मागून पाहणे कंटाळवाणे असले तरी टाळू नये, कारण गंजाची सुरुवात बहुधा त्याच बाजूने झालेली असते आणि बाहेर दिसणारा फोड हे त्याचे शेवटचे टोक असते. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणास येते तेव्हा गाडी तपासणीसाठी न्यावी लागते. एमएच-०६ क्रमांकाच्या गाड्यांसाठी ते कार्यालय पेण येथेच आहे. अशी तपासणी जवळ आली म्हणून सांगाड्यावरचा गंज रंगाखाली झाकण्याचा मोह टाळावा. आवरणाच्या पत्र्यांचे काम घरी करावे, सांगाड्याचे काम आधी गॅरेजमध्ये उरकून घ्यावे, हा क्रम सोयीचाही आहे, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचा नवा रंग जळतो.

काळवेळेची निवड या हवेत निर्णायक ठरते. जून ते सप्टेंबरात हे काम हाती घेऊच नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, परंतु त्या दिवसांत पहाटेचे दव पत्र्यावर बराच वेळ टिकते, म्हणून अकरा वाजल्यानंतर काम सुरू करून चार-साडेचारला थांबवावे. रंगकामाचा सर्वमान्य नियम असा आहे की हवेची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली असावी आणि पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे दव होते त्यापेक्षा, किमान ३ अंशांनी जास्त असावे. याची घरगुती खूण म्हणजे पत्र्यावर तोंडाने हलकी वाफ सोडली असता धूसरपणा लगेच उडून जायला हवा. एप्रिल-मे महिन्यांत कोरडेपणा मिळतो, पण उन्हात पत्रा हाताला चटका देण्याइतका तापतो आणि ठिगळासाठी कालवलेले रेझिन भांड्यातच थिजते, तेव्हा त्या दिवसांत काम सावलीत करावे. बंद खोली आणि स्वयंपाकघराला लागून असलेली पडवी या दोन्ही जागा अयोग्य होत.

सुरक्षिततेच्या बाबतीत काही गोष्टी ठामपणे सांगायला हव्यात. ग्राइंडर लावण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडून ठेवावे, कामाच्या जागेजवळच्या काचा आणि सीट ओल्या जाड गोणपाटाने झाकाव्यात, कारण ठिणग्या काचेत कायमच्या रुततात, आणि पेट्रोलची टाकी, इंधननळ्या किंवा सीएनजीची टाकी यांच्या जवळपास ग्राइंडर अजिबात चालवू नये. तेथे हातब्रशच वापरावा. गाडी केवळ जॅकवर उचलून खाली शिरू नये, पक्के स्टँड लावावेत. डोळ्यांवर पूर्ण बंद गॉगल, हातात मोजे आणि धुळीसाठी एन-९५ मास्क ही किमान साधने होत. थिनर आणि रेझिन यांच्या वाफांना मात्र हा मास्क पुरत नाही, त्यासाठी सेंद्रिय वाफा शोषणारे काडतूस बसवलेला मास्क घ्यावा. पॉलिएस्टर रेझिन घट्ट करणारे जे पातळ कॅटॅलिस्ट असते त्याचा एक थेंबही डोळ्यात गेल्यास दृष्टीला कायमची इजा होऊ शकते, म्हणून ते ओतताना स्वच्छ पाण्याची बादली हाताशी असावी आणि मुलांना अंगणातून आत पाठवावे.

गंज काढणे हा या कामातील सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी आवडीचा भाग आहे. बाहेर रुपयाएवढा फोड दिसत असेल तर रंगाखाली गंज त्याच्या दोन-तीन पट पसरलेला असतो असे धरून चालावे आणि चकचकीत, निर्दोष लोखंड दिसेपर्यंत चहूबाजूंनी रंग काढत जावे. सुट्टे पोपडे खरवडणीने काढून मग ग्राइंडरला तारेचा कप ब्रश किंवा ८० क्रमांकाची फ्लॅप डिस्क लावावी. येथे हात हलका हवा, कारण पाऊण मिलिमीटरचा पत्रा डिस्कखाली पाहता पाहता कागदासारखा पातळ होतो, आणि एका जागी दाबून धरल्यास तापून वाकडातिकडा होतो. तारेचा ब्रश गंज काढल्याचा देखावा करतो पण खड्ड्यांतला काळपट गंज घासून गुळगुळीत करतो. तो वरवर लोखंडासारखा चमकतो, म्हणून भिंगातून पाहावे आणि काळे ठिपके दिसतील तेथे टोकदार खिळ्याने वा छोट्या ग्राइंडिंग बिटाने ते कोरून काढावेत. जेथे स्क्रूड्रायव्हरचे टोक सहज आत जाते तो पत्रा गेलेला असतो. तो पत्राकात्रीने कापून टाकावा. भोक मोठे होईल या भीतीने सडकी कड ठेवून देणे ही या कामातील सर्वांत महाग चूक आहे, कारण पुढचे सर्व थर त्या कडेला चिकटवायचे असतात.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि खाऱ्या हवेच्या मुलखात तीच सर्वांत मोलाची आहे. घासलेली जागा गोड्या पाण्याने आणि नायलॉनच्या ब्रशने भरपूर धुवावी, हॉट एअर गनने किंवा केस वाळवण्याच्या यंत्राने पूर्ण सुकवावी आणि काही तास तशीच ठेवावी. खड्ड्यांत क्लोराइड उरले असेल तर त्या ठिकाणी दाट नारिंगी ठिपके चटकन उमटतात. पाणी सुकताना सबंध पत्र्यावर येणारी पुसट तांबूस झाक वेगळी. ती उघड्या लोखंडावर येतेच आणि बारीक कागदाने निघते. ठिपके उमटत असतील तर घासणे, धुणे आणि सुकवणे हा क्रम ते थांबेपर्यंत पुन्हा करावा. विहिरीचे पाणी मचूळ असेल, जसे खारपाटातील अनेक गावांत असते, तर या कामासाठी पिण्याचे पाणी किंवा बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर वापरावे.

खोल खड्ड्यांतील उरलासुरला गंज निष्प्रभ करण्यासाठी बाजारात रस्ट कन्व्हर्टर नावाची द्रव्ये मिळतात. त्यांतील फॉस्फरिक आम्ल गंजाचे लोह-फॉस्फेटमध्ये रूपांतर करते, तर टॅनिक आम्ल त्याच्याशी संयोग पावून निळसर काळे, न विरघळणारे संयुग बनवते. सह्याद्रीच्या रानातील हिरड्यात हेच टॅनिन विपुल असते. हिरडा आणि लोखंड यांच्या संयोगातून पूर्वी काळी शाई करत ती याच क्रियेवर आधारलेली होती. तथापि हिरड्याचा काढा घरी उकळून पत्र्याला लावणे उपयोगाचे नाही, कारण बाजारातील द्रव्यात त्याच्या जोडीला थर धरणारे पॉलिमर असते आणि पत्रा झाकण्याचे काम ते करते. कन्व्हर्टर फक्त घट्ट बसलेल्या पातळ गंजावर चालते. सुट्ट्या पोपड्यांवर किंवा स्वच्छ लोखंडावर त्याचा लाभ होत नाही. फॉस्फरिक आम्लाचे द्रव्य वापरले असल्यास डब्यावरील सूचनेप्रमाणे ते धुऊन काढावे, कारण आम्लाचा अंश राहिला तर त्यावरचे एपॉक्सी नीट धरत नाही.

स्वच्छ, कोरड्या पत्र्याला त्याच दिवशी दोन घटकांचा एपॉक्सी प्रायमर द्यावा. एपॉक्सी म्हणजे रेझिन आणि हार्डनर ठरावीक प्रमाणात मिसळल्यावर घट्ट होणारे असे द्रव्य, जे लोखंडाला घट्ट चिकटते आणि पाण्याला सहजासहजी वाट देत नाही. हार्डनर जास्त घातल्याने ते लवकर वा अधिक पक्के होत नाही, उलट कायमचे चिकट राहते. म्हणून प्रमाण छोट्या वजनकाट्यावर मोजावे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा रेड ऑक्साइड ग्रिलला ठीक असतो, पण तो सच्छिद्र असल्याने मोटारीच्या पत्र्यावर एकट्याने पुरत नाही.

भोक तळहाताहून लहान असेल तर काचतंतूंचे ठिगळ योग्य ठरते. लोखंडावर बसवायचे असल्याने पॉलिएस्टरपेक्षा एपॉक्सी रेझिन घ्यावे; ते महाग असले तरी पॉलिएस्टर घट्ट होताना आकसते, लोखंडावर त्याची पकड कमी असते आणि कडेने ते सुटू लागले की फटीत पाणी शिरते. तंतूंची निवडही रेझिनवर अवलंबून आहे : तुटक तंतूंची जी सैल चटई सर्वत्र मिळते तिच्यातील बंधक द्रव्य पॉलिएस्टरमधील स्टायरीनमध्ये विरघळण्यासाठी बनवलेले असते आणि एपॉक्सीत ती चटई नीट भिजत नाही, तेव्हा एपॉक्सीसोबत विणलेले काचकापड घ्यावे. भोकाभोवतीचा सुमारे ५० मिलिमीटरचा पट्टा ४० ते ८० क्रमांकाच्या कागदाने खरखरीत करावा; प्रायमर आधीच दिला असेल तर तोही असाच खरखरीत करावा. मग भोकाची कड हातोडीच्या गोल टोकाने हलकेच ठोकून दोन-तीन मिलिमीटर आत दाबावी, म्हणजे ठिगळाला बसायला खोलगट जागा मिळते आणि वर लांबीचा डोंगर रचावा लागत नाही.

मागून हात जात असेल तर पहिले दोन थर मागच्या बाजूने द्यावेत. काचकापडाचे तुकडे गोल कोपऱ्यांचे, एकाहून एक २५ मिलिमीटरने मोठे असे कापून ठेवावेत, प्लॅस्टिकच्या कागदावर ठेवून ब्रशने रेझिन मुरवावे आणि पांढरेपणा जाऊन कापड पारदर्शक दिसू लागले की ते कागदासकट उचलून जागी दाबावे. हवेचे बुडबुडे ब्रशच्या टोकाने मध्यापासून कडेकडे हाकलावेत. पुढून आणखी दोन-तीन थर द्यावेत. रेझिनचे मोठे भांडे एकदम कालवू नये. घट्ट होताना उष्णता बाहेर पडते आणि उन्हाळ्यात १०० ग्रॅमचे भांडेही धूर सोडण्याइतके तापू शकते, तेव्हा थोडे थोडे, पसरट ताटलीत कालवणे सोयीचे. पूर्ण पक्के होण्यास किमान एक रात्र द्यावी. एपॉक्सी घट्ट झाल्यावर पृष्ठभागावर कधी कधी मेणचट थर येतो. तो साबणपाण्याने धुऊन, सुकवून मगच घासावे, अन्यथा पुढचा थर त्यावर धरत नाही.

भोक याहून मोठे असेल, किंवा दाराच्या खालच्या काठासारखी सरळ कड परत घडवायची असेल, तर काचकापड लवचीक पडते आणि तेथे पत्र्याचेच ठिगळ लावावे. रामवाडीच्या कार्यशाळेत वर्षानुवर्षे ज्या लाल एस.टी. गाड्या येत राहिल्या, त्यांच्या पोलादी सांगाड्यावर अॅल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटने बसवलेले असत. वेल्डिंगविना पत्रा बसवण्याची कला या परिसराला मुळीच नवी नाही. मोटारीच्या बाबतीत रिव्हेटला चिकटद्रव्याची जोड देतात. मूळ पत्र्याच्या जाडीचा जी.आय. पत्रा किंवा भंगारातील जुन्या बोनेटचा निर्दोष तुकडा घेऊन तो भोकापेक्षा सर्व बाजूंनी २० ते २५ मिलिमीटर मोठा आणि गोल कोपऱ्यांचा कापावा, दोन्ही पृष्ठभाग घासून अॅसिटोनने पुसावेत, पत्रे जोडण्यासाठी मिळणारे दोन घटकांचे एपॉक्सी चिकटद्रव्य कडेने अखंड पसरावे आणि ठिगळ शक्य तर आतल्या बाजूने बसवून साधारण ३० ते ४० मिलिमीटर अंतरावर पॉप रिव्हेट मारावेत. पॉप रिव्हेट म्हणजे एकाच बाजूने बसवता येणारी पोकळ खिळी, जिचा दांडा हातयंत्राने ओढून तोडतात. रिव्हेट पोलादी घ्यावेत. अॅल्युमिनियम आणि लोखंड खारट ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की अॅल्युमिनियम वेगाने झिजते आणि रिव्हेट सैल होते; एस.टी.च्या अॅल्युमिनियम पत्र्यांनाही सांगाड्याशी जुळणाऱ्या जागीच असा त्रास होत असे. चिकटद्रव्य पक्के झाल्यावर रिव्हेटची डोकी घासून सपाट करता येतात, कारण तोवर पकड चिकटद्रव्याने घेतलेली असते. दाराचा बाहेरचा पत्रा कारखान्यातही आतील चौकटीवर दुमडून चिकटद्रव्याने जोडतात, त्यामुळे ही पद्धत कमी दर्जाची मानण्याचे कारण नाही. ती सांगाड्याच्या पेट्यांवर वापरणे मात्र वर सांगितल्याप्रमाणे वर्ज्य आहे.

लांबी, म्हणजे पॉलिएस्टरची बॉडी पुट्टी, ही आकार जुळवण्यासाठी असते. भोक भरण्यासाठी नसते. तिच्यात शंखजिऱ्याची पूड असल्याने ती पाणी शोषते, आणि म्हणूनच ती उघड्या लोखंडावर किंवा उघड्या भोकावर कधीही भरू नये. एपॉक्सी प्रायमरवर, डब्यावर दिलेल्या मुदतीत, पातळ थरांनी लांबी द्यावी आणि एकूण जाडी शक्यतो तीन मिलिमीटरच्या आत ठेवावी. लांबी पाणी लावून घासण्याची रीत गॅरेजांमध्ये सर्रास दिसते, कारण धूळ उडत नाही आणि हात भरभर चालतो. परंतु ते पाणी लांबीत मुरते आणि काही महिन्यांनी रंगाखालून फोडाच्या रूपाने वर येते. लांबी कोरडीच घासावी, सपाट लाकडी ठोकळ्याला ८० आणि नंतर १८० क्रमांकाचा कागद लावून, आणि प्रत्येक वेळी दिशा तिरपी बदलत. डोळ्यापेक्षा बोटांवर विश्वास ठेवावा : पातळ सुती मोजा घालून हात लांबीवरून शेजारच्या मूळ पत्र्यापर्यंत सावकाश फिरवला की अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटाही जाणवतो. हमरापूर-जोहे परिसरातील गणपतीच्या कारखान्यांत मूर्तीच्या गालावरून आणि सोंडेच्या वळणावरून पॉलिश पेपर फिरवणारे कारागीर याच स्पर्शज्ञानावर काम करतात, आणि ज्याला हे काम शिकायचे आहे त्याने एखादा दिवस त्यांच्या हातांकडे पाहत बसावे. पुस्तकातून ते येत नाही.

रंगाविषयी थोडक्यात सांगता येते. लांबीवर सरफेसर देऊन तो ४०० आणि मग ६०० ते ८०० क्रमांकाच्या कागदाने घासावा. या थरापासून पुढे पाणी वापरण्यास हरकत नाही. गाडीवरील पट्टीवरचा रंगसंकेत दाखवल्यास रंगाचे दुकानदार तोच रंग मिसळून स्प्रेच्या डब्यात भरून देतात. उन्हाने फिकटलेल्या जुन्या रंगाशी, विशेषतः मेटॅलिक रंगाशी, तो तंतोतंत जुळत नाही, म्हणून रंगाची कड पत्र्याच्या मधोमध न सोडता दुमडीपर्यंत किंवा जोडापर्यंत नेऊन संपवावी. हार्डनर मिसळून फवारायचे दोन घटकांचे क्लिअर घरी वापरू नये. त्यातील आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो आणि साधा मास्क त्यापासून वाचवत नाही. ज्यांना ती चकाकी हवी त्यांनी पत्र्याचे काम घरी पूर्ण करून शेवटचा हात रंगाच्या बंद बूथमध्ये द्यावा. खर्चाचा मोठा भाग घासण्या-भरण्याच्या मजुरीचा असल्याने तरीही बरीच बचत होते.

रंग वाळला म्हणजे काम संपले असे समजू नये. दार आणि डिकी यांच्या तळाशी पाणी निचरण्यासाठी छिद्रे असतात. चिखलाने आणि झाडांच्या पानांनी ती बुजली की दारात पाणी साठून पत्रा आतून सडतो. प्लॅस्टिकच्या काडीने ही छिद्रे मोकळी करावीत, आणि दुरुस्तीच्या वेळी लांबी वा चिकटद्रव्य त्यांत गेले नाही ना हे पाहावे. त्यानंतर पोकळ्यांमध्ये कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे लांब नळीने आत फवारायचे आणि कधीही पूर्ण कडक न होणारे मेण, भरपूर मारावे. ते फटीत मुरते आणि ठिगळाची मागची बाजू हवेपासून तोडते. त्याऐवजी जुने इंजिन ऑइल फवारण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो, तो मानू नये : त्या तेलात ज्वलनातील आम्ले आणि कर्करोगकारक द्रव्ये उतरलेली असतात, दारांच्या रबरी पट्ट्या त्याने फुगतात आणि पावसाच्या पाण्याबरोबर ते थेट शेतात वा खाडीत जाते. मेणाचा थर चाकांजवळ दरवर्षी झिजतो, म्हणून मे महिन्याच्या अखेरीस तो पुन्हा द्यावा. आणि पावसाळाभर दर आठ-पंधरा दिवसांनी मडगार्डाच्या आतल्या कडा व गाडीचा तळ गोड्या पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन, शक्यतो उघडीप मिळालेल्या दिवशी, गाडी थोडी चालवून आणावी, म्हणजे चाकांच्या वाऱ्याने फटी सुकतात. पहिल्या पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात दुरुस्त केलेल्या प्रत्येक जागी ठिगळाच्या कडेने बोट फिरवून पाहावे. कडेला केसाएवढी भेग दिसली तर तेवढाच भाग कोरडा करून, खरवडून, एपॉक्सीने बंद करता येतो; त्या वेळी ते एका दुपारचे काम असते.